रातांब्यांचे माप आणि निवड : आगळ व आमसुले यांच्या दृष्टीने एक विवेचन

मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या भागांत रातांब्यांचा हंगाम चैत्रापासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. या अल्प अवधीत वर्षभराचे आगळ बरण्यांत भरावयाचे असते आणि आमसुले उन्हात खडखडीत वाळवावयाची असतात. पाऊस सुरू झाल्यावर चूक सुधारण्यास वाव उरत नाही. म्हणून फळांची निवड व त्यांचे माप हा विषय वरकरणी घरगुती वाटला, तरी शास्त्रीय विचारास पात्र आहे. प्रस्तुत लेखात त्याची मूलतत्त्वे थोडक्यात मांडावयाची आहेत.

रातांबा, म्हणजेच सावंतवाडीकडील व गोव्यातील भिरंड, हे गार्सिनिया इंडिका या वृक्षाचे फळ होय. या वृक्षात नर व मादी झाडे बहुधा निराळी असतात. परपरागीकरणामुळे बियांपासून वाढलेली झाडे एकसारखी निपजत नाहीत, आणि एकाच परसातील दोन झाडांची फळे आकार, सालीची जाडी व आंबटपणा या तिन्ही बाबतींत भिन्न आढळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ व ‘कोकण हातिस’ हे वाण निवडून त्यांच्या कलमांचा प्रसार केला, त्यामागे हेही एक कारण आहे. तथापि बाजारात येणारा माल बव्हंशी मिश्रच असतो, ही गोष्ट मापाचा विचार करताना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

स्वयंपाकात उपयोगी पडते ती मुख्यतः साल. म्हणून खरा प्रश्न फळे किती हा नसून साल किती हा आहे. फळ गोल व त्याची घनता पाण्याइतकी मानल्यास ४ सेंमी. व्यासाच्या फळाचे वजन सुमारे ३३.५ ग्रॅम भरते, ३ सेंमी. व्यासाच्या फळाचे केवळ १४ ग्रॅम. व्यासातील फरक एका सेंटिमीटरचा, पण वजनातील फरक जवळजवळ अडीच पटींचा! ‘शंभर रातांब्यांस इतके मीठ’ असा हिशेब किती फसवा आहे, हे यावरून उघड होईल.

याचे फलित प्रत्यक्ष उदाहरणाने पाहू. दोन्ही प्रकारच्या फळांत निम्मे वजन सालीचे आहे असे धरू. लहान शंभर फळांपासून सुमारे ७०० ग्रॅम साल मिळेल. आगळासाठी सालीच्या एकपंचमांश मीठ घ्यावयाचे असल्यास १४० ग्रॅम पुरेल. हेच १४० ग्रॅम मीठ मोठ्या शंभर फळांच्या सुमारे १,६७५ ग्रॅम सालीस लावले, तर त्याचे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या खाली जाते. अशा आगळात मिठाचा संरक्षक गुण उणा पडतो, ते फसफसण्याचा व त्यावर बुरशी येण्याचा धोका वाढतो, आणि एका घराचा वर्षाचा साठा श्रावणापूर्वीच वाया जाऊ शकतो.

तरीही मोठे फळ नेहमीच सरस असे समजणे बरोबर होणार नाही. ४ सेंमी. व्यासाच्या फळाची साल ४ मिलिमीटर जाड असल्यास फळाच्या आकारमानाचा सुमारे ४९ टक्के भाग सालीचा होतो. तीच साल ३ मिलिमीटर असल्यास हा भाग ३९ टक्क्यांपर्यंत उतरतो. उलट ३ सेंमी.च्या लहान फळास ३ मिलिमीटरची साल असली, तरी तिचा भाग ४९ टक्केच राहतो. तात्पर्य, निर्णायक ठरते ते सालीच्या जाडीचे व्यासाशी असलेले प्रमाण.

पायली व शेर या जुन्या आकारमापांचाही येथे विचार केला पाहिजे. एकसारखी गोल फळे भांड्यात ओतली असता मधल्या पोकळीत सुमारे ३६ ते ४० टक्के जागा जाते, आणि भांडे पुरेसे मोठे असल्यास फळे लहान असोत की मोठी, हे प्रमाण फारसे बदलत नाही. त्या दृष्टीने पायलीचे माप मोजणीपेक्षा निश्चित बरे. मात्र शीग किती ठेवली, फळे दबली किती, यांवर ते अवलंबून राहते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती क्रमाने रूढ झाली, आणि किलोग्रॅमने हा दोष दूर केला. परंतु सालीची जाडी किलोग्रॅमही सांगत नाही.

यावर उपाय सोपा आहे. टोपलीच्या वरून, मधून व तळातून मिळून वीस फळे घ्यावीत. ती तोलावीत, कापून गर व बिया काढाव्यात आणि साल पुन्हा तोलावी. दोन वजनांचे गुणोत्तर मिळाले की सबंध मालातील सालीचा अंदाज बांधता येतो, आणि मीठ वा साखर त्याच मानाने घेता येते. अमृत कोकमासाठी सालीच्या दुप्पट साखर घेण्याची रीत आहे. मीठही वजनानेच घ्यावे. शिरोड्याच्या मिठागरांतील जाडे मीठ आणि बारीक मीठ यांची वाटी सारखी भरली, तरी वजन सारखे भरत नाही.

निवडीच्या बाबतीत रंग हा पहिला निकष होय. पूर्ण गडद लाल-जांभळे, बोटास किंचित नरम लागणारे फळ घ्यावे. हा रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असून फळ पिकताना तो वाढत जातो. एका झाडावरील सर्व फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे काढणी तीन-चार वेळा करणे हितावह. झाड हालवून पाडलेली, फुटलेली किंवा पावसात भिजलेली फळे साठवणीच्या पदार्थांतून वगळावीत. ती त्याच दिवशी सारात वा कढीत वापरता येतील. चांगली फळेही धुऊन कोरडी पुसूनच कापावीत. आंबटपणामुळे रस धातूस खातो, म्हणून चिनी मातीची वा काचेची बरणी श्रेयस्कर.

बियाही टाकाऊ नव्हेत. त्यांच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश स्निग्धांश असून तो सामान्य तापमानास घट्ट राहतो. भिरंडेल ते हेच. साहजिकच जाड सालीचे फळ आगळ करणाऱ्यास लाभाचे, तर बियाळ फळ तेल काढणाऱ्यास. फळाची योग्यता त्याच्या उपयोगावर ठरते, आणि उपयोग निश्चित झाल्यावाचून कोणतेही माप अर्थपूर्ण होत नाही. घरोघरी व बचत गटांतून चालणाऱ्या या उद्योगात विक्रेता आणि खरेदीदार या दोघांनाही न्याय मिळावयाचा असेल, तर भाव ठरविताना सालीचे प्रमाण विचारात घेण्याची प्रथा पडणे अगत्याचे आहे. त्यासाठी एक तराजू, एक सुरी आणि वीस फळे एवढी सामग्री पुरेशी आहे.