वॉर्डात मोबाइल: बंदी नको, शिस्त हवी

जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात भोकरदन, मंठा, घनसावंगीहून आलेल्या रुग्णाजवळ बहुधा एकच नातेवाईक थांबतो. गावाकडे निरोप, रक्ताची सोय, औषधाचे पैसे, ‘आभा’ आरोग्य कार्डासाठी आधारचा ओटीपी, हे सारे एका मोबाइलवर चालते. त्यामुळे सरसकट बंदी म्हणजे या माणसाचे हातपाय बांधणे होय. ‘फोनमुळे यंत्रे बिघडतात’ हा आक्षेप निराधार नाही. जुन्या, जास्त शक्तीच्या फोनमुळे जवळच्या यंत्रांत अडथळा आल्याचे चाचण्यांत दिसले होते. मात्र अमेरिकेतील मेयो क्लिनिकने रुग्णांच्या खोल्यांत 300 चाचण्या घेऊन 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा साध्या मोबाइल वापराने एकाही यंत्रात अडथळा आढळला नव्हता. धोका अंतरावरून ठरतो, म्हणून पेसमेकरपासून फोन किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा आणि एमआरआयच्या खोलीत तो नेऊच नये.

मग खरी अडचण कुठे आहे? चार्जरसाठी मॉनिटरचा किंवा सिरिंज पंपाचा प्लग काढणाऱ्या हातात, रात्री मोठ्या आवाजात चालणाऱ्या रील्समध्ये आणि शेजारच्या रुग्णाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकण्यात. ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणाल, तर सरसकट बंदीही कुठे पाळली जाते? कारण सांगितलेला नियम निदान पटतो तरी. रुग्णालयाने चार्जिंगची वेगळी जागा द्यावी. नातेवाइकांनी इअरफोन वापरावा, जंतू पसरू नयेत म्हणून फोन पुसून घ्यावा आणि यंत्राच्या प्लगला नर्सला विचारल्याशिवाय हात लावू नये.