घरात आलेले पाणी जाते कोठे?

१६१० साली खडकी वसविणाऱ्या मलिक अंबराने नहरी बांधून शहरास पाणी आणले. आज छत्रपती संभाजीनगरास पाणी येते ते पैठणच्या नाथसागरातून. पण घरात आलेल्या दर १०० लिटरांतले सुमारे ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे आपण विसरतो. ड्रेनेजची नळी ठराविक वस्तीच्या हिशेबाने पुरलेली असते. बंगल्याच्या जागी पाच मजले चढले, की ती तुंबते. मैला झाकणातून उसळून नाल्यांवाटे खाम नदीत उतरतो, आणि खाम पुढे नाथसागरालाच मिळते! तेव्हा जुन्या रहिवाशांच्या तक्रारीत सर्वांच्याच पिण्याच्या पाण्याची काळजी आहे. नव्या शेजाऱ्याचे स्वागत आपण करूच. मात्र बांधकामाच्या परवानगीआधी खालच्या नळीची ताकद मोजली जावी, असा आग्रहही धरला पाहिजे.