पांढरी साळुंकी, पण अल्बिनो नव्हे

थंडी पडली की भिगवणला, शिवडीला दुर्बिणी घेतलेली माणसं दिसू लागतात, आणि मोबाइलवर 'अल्बिनो कावळा', 'अल्बिनो साळुंकी' असे फोटो फिरू लागतात. यातले बहुतेक पक्षी अल्बिनो नसतात.

अल्बिनो पक्ष्याच्या शरीरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयारच होत नाही. पिसं पांढरी असतातच, शिवाय रक्तवाहिन्या दिसत असल्याने डोळेही लालसर असतात. नजर अधू असल्याने असे पक्षी रानात फारसे जगत नाहीत. आपल्याला दिसतो तो बहुधा ल्युसिस्टिक. त्याच्या शरीरात मेलॅनिन बनतं, पण काही किंवा सगळ्या पिसांपर्यंत पोहोचत नाही. डोळे मात्र नेहमीच्या रंगाचे असतात. म्हणजे अंगावर नुसते पांढरे पट्टे असलेला 'अर्धा अल्बिनो' असा प्रकारच नाही! चोचीवरूनही निवाडा करू नये. साळुंकीच्या चोचीचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा असतो, मेलॅनिन नसलं तरी तो टिकतो. फोटो काढायचाच तर डोळ्याचा काढावा.

प्रत्येक पांढरं पीस जन्मजात असतं असंही नाही. उकिरड्यावरच्या निकस अन्नामुळे कावळ्याच्या पंखात पांढरी पिसं येतात. आहार सुधारला तर पुढच्या पीसगळतीनंतर तिथे काळीही उगवतात. शकुन-अपशकुनाचा प्रश्नच नाही.

काही पक्षी तर पांढरे असायलाच हवेत. स्वर्गीय नर्तकाचा लांब शेपटीचा पांढराशुभ्र पक्षी हा प्रौढ नर. माद्या आणि तरुण नर तांबूस. (काही प्रौढ नरही तांबूसच राहतात, म्हणून रंगावरून वय सांगण्याची घाई नको.) किनाऱ्यावरचा समुद्री बगळा पाटीसारखा राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत आढळतो. जात एकच.

'हिवाळ्यात पक्षी रंगीत असतात' हेही निम्मंच खरं. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं आपल्याकडे बराच काळ पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये, परतीच्या सुमारास, ते काळं होऊ लागतं. बदकांचं उलट. थापट्याचा नर येतो तेव्हा मादीसारखा मातकट असतो आणि भर हिवाळ्यात त्याचं डोकं हिरवं चमकतं, कारण बदकांच्या जोड्या बऱ्याचदा हिवाळी मुक्कामीच जुळतात. नोव्हेंबरात 'इथे नुसत्या माद्याच आहेत' असं कुणी म्हणालं, तर जानेवारीत त्याला पुन्हा घेऊन जावं.

ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांच्या थव्यात राखाडी पक्षी दिसला की तो आजारी किंवा वेगळ्या जातीचा ठरवला जातो. तो बहुधा वयाने लहान असतो. रोहित गुलाबी जन्मत नाहीत. शेवाळ आणि बारीक कवचधारी जीवांतलं कॅरोटिनॉइड पोटात जात राहतं, तसा रंग चढतो, आणि तो पुरता चढायला दोन-तीन वर्षं लागतात.