उरलेल्या लोकरीची गोधडी

दिवाळीची आवराआवर करताना कपाटाच्या तळाशी एक पिशवी हमखास सापडते. मोजे विणून उरलेल्या लोकरीच्या छोट्या छोट्या गुंड्यांची. टाकवत नाही आणि कशालाच पुरत नाही. ग्वाल्हेरची थंडी कडाक्याची, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी अशी पिशवी आहेच.

हिशेब सोपा आहे. मोज्यांच्या बारीक लोकरीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर धागा असतो. मोठ्या माणसाच्या जोडाला 60 ते 80 ग्रॅम लागते. उरते ती 20 ते 40 ग्रॅम, दुसऱ्या जोडाला अपुरी. पण दहाजणींनी आपापली पिशवी आणली, तर दोन गोधड्यांची लोकर सहज जमते. म्हणून यंदाही कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत आपण एकत्र बसून विणणार आहोत. अट एकच : नवी लोकर विकत घ्यायची नाही.

गेल्या वर्षी काय चुकलं?

गेल्या वर्षी आम्ही ज्या मापाचे जमतील तसे चौकोन जोडले. पहिल्याच धुण्यात, तेही गरम पाण्यात, शुद्ध लोकरीचे चौकोन आटले आणि ॲक्रिलिकचे तसेच राहिले. गोधडीला सगळीकडे चुण्या पडल्या. त्यातला एक चौकोन आमच्या एका मैत्रिणीच्या दिवंगत सासूबाईंच्या हातच्या लोकरीचा होता. "सासूबाई आखडल्या," म्हणून ती हसली खरी, पण आम्हाला सगळ्यांनाच चुटपुट लागली. तशी लोकर पुन्हा कुठून आणणार?

म्हणून आधी लोकर वेगळी करू

लेबल नसेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहा. शुद्ध लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकरीत नायलॉन मिसळलेलं असेल तर दोन्ही खुणा दिसतात. ती लोकरीच्या ढिगात टाका. कसर लागलेली गुंडी मात्र इतरांत मिसळू नका. यंदा गोधड्या दोन : एक लोकरीची, एक ॲक्रिलिकची. लोकरीची थंड पाण्यातच धुवायची.

चौकोन असा विणा

माप सगळ्यांचं एकच, 15 सेंटिमीटर. सुया 11 नंबरच्या. एका चौकोनाला साधारण 10 ते 12 ग्रॅम लोकर लागते; स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घ्या.

कोपऱ्यापासून सुरुवात करायची. 3 टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. बाजूची कड 15 सेंटिमीटर झाली की वाढवणं थांबवा. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणत परत 3 टाक्यांवर या आणि बंद करा. या पद्धतीत निम्मी लोकर मध्यापर्यंत लागते. म्हणजे 6 ग्रॅमची गुंडीही वाया जात नाही : अर्धा चौकोन एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या.

पाच चौकोन रुंदीला, सहा लांबीला, असे 30 जोडले की 75 बाय 90 सेंटिमीटरची बाळाची गोधडी होते. जुन्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

लोकरीची गोधडी यंदा आपल्यात ज्या बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे, त्याला. ॲक्रिलिकची धुवायला सोपी, म्हणून ती प्रसूती वॉर्डात देऊ. चौकोनालाही न पुरणाऱ्या तुकड्यांचे गोंडे आणि पुस्तकातल्या खुणा करू. हळदीकुंकवाला वाण म्हणून शोभतील. काळी लोकर तेवढी जपून ठेवा, संक्रांतीला तिचाच मान.

ज्यांची बोटं आता दुखतात त्यांनी फक्त येऊन बसावं. टाका सुटला तर उचलायचा कसा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही, आणि आमच्या लेकी-सुनांना ते शिकायचं आहे. येताना ती पिशवी तेवढी आणा.