बॅटरी बदलायचा खर्च: भीती कुठे खरी, कुठे खोटी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं कोणीतरी बजावतंच, "आठ वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, अर्ध्या गाडीचे पैसे जातील." पूर्ण पॅक बदलणं आजही काही लाखांचं काम आहे, हे खरं. चुकीचं आहे ते 'बदलावी लागेल'.

हा आठाचा आकडा वॉरंटीतून आला. नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली, तेव्हा बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी होती. लोकांनी तेच आयुष्य धरलं. पण वॉरंटी संपल्याच्या दिवशी बॅटरी बंद पडत नाही, तिची क्षमता सावकाश घटत जाते. हिशोबच करून बघा. एका चार्जमध्ये २०० किलोमीटर जाणारी गाडी हजार पूर्ण चार्जमध्ये २ लाख किलोमीटर धावते. वर्षाला १५ हजार धरले तरी तेरा वर्षं झाली. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात आणि ते हजाराच्या बरेच पुढे टिकतात.

बिघाड झाला तरी दरवेळी अख्खा पॅक जात नाही. अनेकदा एखादं मॉड्यूल किंवा सेन्सर बदलून भागतं. गाडी सुरूच होईना, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासायला सांगा. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. ही छोटी बॅटरी काही हजारांत नवी मिळते.

"बॅटऱ्या आता स्वस्त झाल्या" हेही अर्धसत्यच. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये पॅकचा जागतिक सरासरी दर किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता. पण हा दर कंपन्यांचा. ग्राहकाच्या बिलात मजुरी आणि कंपनीचा नफा येतो. शिवाय नव्या ईव्हीवर जीएसटी ५ टक्के असला, तरी सुट्या बॅटरीवर तो १८ टक्के आहे.

मला खरी काळजी वाटते ती गाडीच्या पोटाला बसणाऱ्या दगडाची. असा मार वॉरंटीत बसत नाही, तो विम्यात जातो. आणि साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जाऊ शकतो. म्हणून घसारा न कापणारं 'झिरो डेप्रिसिएशन' कव्हर घेताना त्यात मोठी बॅटरी धरली आहे का, हे लेखी विचारा. जुनी गाडी घेत असाल तर बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागा. कारण गाडीला 'आजीवन' वॉरंटी असली, तरी ती बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते.