अर्जुन का विसरला?

कुरुक्षेत्रावर अर्जुनाने विश्वरूप पाहिले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढे त्याच अर्जुनाने कृष्णाला काय सांगितले, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात युद्ध संपले आहे आणि कृष्ण द्वारकेला निघण्याच्या बेतात आहे. अर्जुन म्हणतो, रणांगणावर तू जे सांगितलेस ते माझ्या मनातून निसटले, पुन्हा एकदा सांग. कृष्ण नाराज होतो. तेव्हा आपण योगयुक्त होतो, ते सारे जसेच्या तसे आता सांगता यायचे नाही, असे म्हणून तो एक जुना संवाद ऐकवतो. तीच अनुगीता.

ज्याने विश्वरूप डोळ्यांनी पाहिले, त्यालाही विसर पडावा? गीतेच्या अकराव्या अध्यायात त्या दर्शनाने भेदरून त्यानेच नेहमीचे रूप परत मागितले होते. महाभारतकारांनी हा विसर झाकला नाही, हे फार मोलाचे वाटते. साक्षात्काराची झलक मिळणे आणि ती अवस्था अंगी बाणणे यांतले अंतर आपल्या परंपरेने किती आधी ओळखले होते, ते इथे दिसते.

पतंजलींनी तर ते अंतर नोंदवूनच ठेवले. योगसूत्रांत त्यांनी चित्ताचे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. व्याधी, संशय, आळस हे कोणालाही सुचतील. शेवटचे दोन खास साधकांचे आहेत: अलब्धभूमिकत्व म्हणजे साधना करूनही भूमिका हाती न लागणे, आणि अनवस्थितत्व म्हणजे हाती लागलेल्या भूमिकेवर टिकता न येणे. दुसरा अडथळा अनुभव आलेल्यालाच होऊ शकतो. त्यावरचा उपायही झगमगीत नाही. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला अभ्यास, एवढाच.

महाराष्ट्रात हाच प्रश्न एका कुंभाराने विचारला. तेरढोकीला संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून मडके पक्के की कच्चे ते पाहिले, अशी कथा आहे. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठ्ठलाने खाल्ला, ते नामदेव! कथेचे धैर्य इथेच आहे. देव भेटला होता, पण अपमान सोसवत नव्हता. मग खुद्द विठ्ठलाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडले. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांना पाहून नामदेव संतापले; पाय जिथे हलवावेत तिथे पिंड दिसू लागली, तेव्हा कुठे त्यांना उमगले. पुढे त्यांचा मार्ग पंजाबातल्या घुमानपर्यंत गेला आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.

नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांची हकिगत अर्जुनाच्या हकिगतीशी मिळतीजुळती आहे. दक्षिणेश्वरच्या सुरुवातीच्या एका भेटीत गुरु रामकृष्णांचा स्पर्श होताच खोलीसकट सारे जग विरघळू लागले आणि घरी आईवडील आहेत, हे काय करता, असे ते घाबरून ओरडले. १८८६ मध्ये काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांना निर्विकल्प समाधी लागली. तेव्हाही रामकृष्णांनी बजावले की हे आता कुलुपात राहील, किल्ली माझ्याकडे, आधी काम. समाधीतच बुडून राहण्याची ओढ असलेल्या शिष्याला त्यांनी माणसांकडे वळवले.

एकदा मिळालेली झलक टिकत नाही, याला अपवाद म्हणून रमण महर्षींचे नाव घेतले जाते आणि ते रास्तच आहे. १८९६ मध्ये मदुरेला काकांच्या घरी सोळा वर्षांच्या व्यंकटरमणला मृत्यूच्या भयाने घेरले. तो प्रेतासारखा निजला, मरते ते काय हे पाहू लागला, आणि जे उमगले ते पुन्हा सुटले नाही असे त्यांनीच सांगितले. पण येऊन-जाणाऱ्या आणि कायम टिकणाऱ्या समाधीतला भेद समजावताना त्यांनी स्वतःचे मोजमाप इतरांवर लादले नाही. केवल निर्विकल्प म्हणजे दोर बांधून विहिरीत बुडवलेली बादली, कधीही वर ओढता येते. सहज निर्विकल्प म्हणजे सागराला मिळालेली नदी, असे ते सांगत.

चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ लिहिला तो बहुधा अशाच साधकांसाठी. तत्त्वज्ञान, मनोनाश आणि वासनाक्षय या तिन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतात, असे ते म्हणतात. जनकाच्या सभेत वाद जिंकणाऱ्या याज्ञवल्क्यालाही ते सोडत नाहीत: ज्ञान होते, पण चित्ताला विश्रांती नव्हती. ऋषीबद्दल इतके स्पष्ट लिहिण्यात अनादर नाही, साधकाची काळजी आहे.

आज दहा दिवसांच्या शिबिरातून आलेला माणूस प्रकाश दिसला, शरीर नाहीसे झाले असे सांगतो, तेव्हा त्याची टवाळी करणे चूक. झलक खरी असू शकते आणि वाटेवर बळ देते. मात्र तिच्यावर लगेच प्रमाणपत्राचा शिक्का मारणारे त्याचे नुकसान करतात. मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडे देशोदेशींचे लोक असे अनुभव घेऊन येत. १९३३ मध्ये सिद्धरामेश्वर महाराज भेटल्यानंतर काही काळ घर सोडून भटकलेले महाराज परत येऊन प्रपंचातच राहिले होते. अनुभव येतो आणि जातो, तो कोणाला आला ते आधी शोधा, असे सांगून ते पाहुण्याला त्याच्या अनुभवापाशी थांबू देत नसत.