हॉटेलातले ताट आणि अर्धा हिशेब

लाखनीत महामार्गालगतच्या हॉटेलात कुणी सहकुटुंब जेवून आले, की हमखास ऐकावे लागते, 'एवढ्या पैशात घरी दोनदा मटण झाले असते!' भाताच्या या जिल्ह्यात तांदूळही बहुधा घरचाच. हिशेब खरा आहे, पण आमच्या मते अर्धाच.

आपल्या आजोबांसाठी हॉटेलात वेगळी कपबशी असे. चहा बाहेर बसून प्यायचा आणि कप स्वतःच धुऊन ठेवायचा. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा प्यायले, त्याचे मोल यातूनच कळते. पुढे १९५० साली संविधानाच्या कलम १५ ने हॉटेलाचे दार सर्वांना खुले केले. १९५५ च्या कायद्याने अडवणे गुन्हा ठरले. तेव्हा मधल्या टेबलावर बसून जेवणे ही आपल्या लोकांची नुसती चैन नव्हे.

आणि हॉटेलात आचाऱ्याला पगार असतो. घरच्या मटणात मसाला वाटणारीची मजुरी कुणी धरतो काय? रोवणीच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात वाकून येते, वर पुन्हा चूल. हिंदू कोड बिल रखडले, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यांचा जयजयकार करणारे पुरुष मात्र ताटाची वाट पाहत बसतात. घरचेच स्वस्त पडते म्हणणाऱ्यांनी येत्या रविवारी पाट्यावर बसावे.